प्रत, माप आणि हिस्सा

भवानी पेठेतलं आमचं वडिलोपार्जित घर दोन मजल्यांचं होतं. खालचा मजला दगड-विटांचा, वरचा कडीपाटाचा. 'कडीपाट' हा शब्द आता घरातल्या मुलांनाही समजावून सांगावा लागतो. दोन भिंतींवर टेकवलेल्या जाड तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर ठोकलेल्या लाकडी फळ्या. खालच्या खोलीचं ते छत आणि वरच्या खोलीची तीच जमीन. आम्ही तिन्ही भावंडं त्या फळ्यांवर रांगलो, चालायला शिकलो, परीक्षेचा अभ्यास केला. वर कोण चाललंय हे अब्बा खाली बसून नुसत्या पावलांच्या आवाजावरून सांगत.

अब्बांच्या इंतकालनंतर दोन वर्षांनी घर पाडून नवी इमारत बांधायचं ठरलं. जागेचे कागद झाले, ज्याची त्याची सोय लागली. राहिलं ते लाकूड. पाडकाम करणाऱ्या ठेकेदाराने सगळं लाकूड उक्तं मागितलं. एक रक्कम सांगितली आणि म्हणाला, "मोजणी नाही, निवड नाही. उद्यापासून कामाला लागतो." रक्कम ऐकून बरी वाटली. पण बाजीने एकच प्रश्न विचारला : "उक्तं म्हणजे कशाचं किती? माझा हिस्सा कशावर काढणार?"

प्रश्न साधा होता, पण खरा होता. अब्बांच्या मालमत्तेत अम्मीचा आठवा हिस्सा. उरलेल्यात आम्हा दोघा भावांचे दोन-दोन वाटे आणि बाजीचा एक. म्हणजे एकूण चाळीस भाग केले तर अम्मीचे ५, आमचे १४-१४ आणि बाजीचे ७. रोख पैशाची अशी वाटणी शाळेतलं पोरही करून देईल. लाकडाची कशी करायची? शंभर फळ्या मोजून वाटल्या तरी एक फळी आणि दुसरी फळी सारखी नसते. एकीत गाभ्याचं दाट तपकिरी लाकूड, दुसरीची अर्धी बाजू वाळवीने पोखरलेली. दोन्हींचं माप एक, मोल वेगळं. मापाआधी प्रत ठरायला हवी. प्रत न ठरवता केलेली वाटणी कागदावर बरोबर दिसते, पण कुणाच्या तरी पदरात कमी पडतंच. म्हणून आम्ही ठेकेदाराकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली.

पुण्याचं आणि लाकडाचं नातं जुनं आहे. १७३२ मध्ये शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली, तेव्हा त्याचं सागवान जुन्नरच्या जंगलातून आणलं होतं असं सांगतात. १८२८च्या आगीत तो लाकडी डोलारा जळून गेला आणि दगडी तट तेवढे उरले. बाजीराव दुसऱ्याने बांधलेल्या विश्रामबागवाड्याचे कोरीव लाकडी खांब आजही पाहता येतात. पेठांमधली साधी घरंही याच पद्धतीची होती, आकाराने लहान एवढंच. आता ती एकेक करून उतरताहेत आणि त्यांचं लाकूड बाजारात येतंय. तेव्हा ही फक्त आमच्या घरची गोष्ट नाही. वाचकांपैकी कित्येकांच्या घरी आज ना उद्या हाच प्रश्न येणार आहे.

लाकडाची पारख करायला आम्ही एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. टिंबर मार्केटमध्ये त्यांची उमर गेली. अब्बा त्यांना भाई म्हणत, आम्ही चाचा म्हणतो. चाचांनी आल्या आल्या फळ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी खिशातून एक लहान चाकू आणि भिंग काढलं. म्हणाले, "आधी हे सागवान आहे का ते तर बघू. नंतर त्याची प्रत."

हा पहिला धडा. जुन्या घरातलं सगळं लाकूड सागवानच असतं, अशी आपली समजूत असते. चाचांनी प्रत्येक तुळईच्या टोकाचा आडवा छेद चाकूने साफ केला आणि भिंगातून पाहिलं. सागाच्या छेदात दर वर्षाच्या वाढीचं वर्तुळ दिसतं आणि वर्तुळाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते. ताज्या तासलेल्या सागाला चामड्यासारखा वास येतो, बोटाला किंचित तेलकट लागतं. चौदा तुळयांपैकी दोन ऐनाच्या निघाल्या. ऐन सागापेक्षा जड आणि टणक, तुळईला उत्तम. पण सागाच्या भावाने तो विकला तर घेणाऱ्याची फसवणूक झाली असती. त्या दोन तुळयांवर चाचांनी खडूने वेगळी खूण केली.

इथे 'हार्डवुड' या शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण दुकानात हा शब्द फार ऐकू येतो. हार्डवुड म्हणजे कठीण लाकूड नव्हे. रुंद पानांच्या झाडांचं लाकूड ते हार्डवुड आणि देवदार, चीड अशा सूचीपर्णी झाडांचं ते सॉफ्टवुड. ही विभागणी झाडाच्या जातीची आहे. खेळण्यांची विमानं करतात ते हलकं बाल्सासुद्धा या हिशेबाने हार्डवुडच. कठीणपणा मोजायची रीत निराळी आहे. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्ध्यापर्यंत रुतवायला किती जोर लागतो ते पाहतात. याला जांका कसोटी म्हणतात. पौंडांच्या मापात सागाचा आकडा साधारण १,०००च्या आसपास येतो, अमेरिकी पांढऱ्या ओकचा १,३६०. म्हणजे आपला साग ओकपेक्षा मऊ. तरी त्याला मान आहे, कारण तो पाण्याने आणि उन्हाने फारसा वाकत नाही आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने भारतीय लाकडांच्या बळाची तुलना केली तेव्हा सागाला १०० धरून बाकीच्यांचे आकडे ठरवले. सोन्याला कस लावायला दगड असतो, तसा आपल्याकडे लाकडाला साग.

मग फळ्या उतरवल्या. एकूण १२८ भरल्या. साधारण सहा फूट लांब, आठ-नऊ इंच रुंद, सव्वा इंच जाड. चाचांनी अंगणात दोन घोड्यांवर एकेक फळी ठेवायला सांगितली आणि आम्हाला कामाला लावलं. एकाने फळी उलटायची, दुसऱ्याने चुंबक फिरवून खिळे शोधायचे, बाजीने वहीत लिहायचं. चाचा फक्त बोलत होते : गाठ किती, पक्की की सुटी. चीर कुठवर गेली. पांढरा भाग किती. भोकं किड्याची की खिळ्याची. फळी बशीसारखी वाकली आहे, की लांबीत धनुष्यासारखी, की पीळ पडला आहे.

प्रत्येक दोषाचं वजन वेगळं असतं हे तेव्हा कळलं. घट्ट बसलेली गाठ डोळ्याला खटकते, पण पायाला त्रास देत नाही. तीच गाठ सैल असली की पुढे निखळून पडते आणि खड्डा राहतो. टोकाची चीर चार इंच कापून टाकली की फळी पहिल्यासारखी होते. मधोमध आरपार गेलेली चीर कापून जात नाही. गाभ्याबाहेरचा फिका, पांढरट भाग म्हणजे झाडाचं जिवंत, पाणी वाहून नेणारं लाकूड. वाळवी आणि भुंगेरा तिथूनच आत शिरतात. आमच्या घरातही किडीने खाल्लेल्या जवळजवळ सगळ्या फळ्यांचा तेवढाच भाग पोखरलेला होता, गाभा शाबूत होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यादी पुरी झाली. पहिली प्रत ४१, दुसरी ५२, तिसरी २३ आणि बाद १२. बेरीज १२८. पहिल्या प्रतीत एका बाजूला गाठ नाही, पांढरा भाग नाही, रेषा सरळ. दुसऱ्या प्रतीत लहान पक्क्या गाठी, खिळ्यांचे काळे डाग, रंगात फरक. तिसरीत कापून आखूड तुकडेच निघतील अशा. नियम आधी लिहिला आणि मग फळी त्या नियमाला लावली. फळी पाहून नियम बदलायचा नाही, ही चाचांची अट होती. एका फळीवर आमचा मोठा वाद झाला. अब्बांची जानमाज ज्या जागी असायची तिथली ती फळी. वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेली, पण कडेला लांब चीर. आमचं मन तिला पहिल्या प्रतीत टाकायला धावत होतं. चाचा म्हणाले, "बेटा, आठवणीची प्रत वेगळी, लाकडाची वेगळी. ही फळी तुम्ही विकू नका, पण वहीत तिसरीच लिहा." तसंच लिहिलं.

नंतर आम्ही या विषयावर बरंच वाचलं. जगभर प्रत ठरवायची तत्त्वं चाचांच्या वहीपेक्षा फार वेगळी नाहीत. अमेरिकेत ओकच्या फरशीच्या चार मुख्य प्रती आहेत : क्लिअर, सिलेक्ट, नंबर वन कॉमन आणि नंबर टू कॉमन. युरोपीय मानकांत वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन अशा खुणा असतात. वर्तुळ म्हणजे सर्वांत एकसारखं लाकूड, चौकोन म्हणजे गाठी-डाग-रंगफरक यांना जास्त मुभा. पण दोन्हीकडे एक गोष्ट ठळक आहे. या प्रती मुख्यतः दिसण्याच्या आहेत. नंबर टू कॉमनची फरशी क्लिअरइतकीच वर्षं टिकू शकते, कारण लाकूड तेच असतं, गाठी जास्त दिसतात एवढंच. आपण मात्र 'ए ग्रेड' ऐकलं की मजबूत, आणि 'बी' म्हटलं की कच्चं असं समजून मोकळे होतो.

पुण्यातल्या एका दुकानात आम्ही मुद्दाम चौकशीला गेलो. विक्रेत्याने तीन नमुने समोर ठेवले आणि तिन्ही 'ए ग्रेड' म्हणून सांगितले. एक अख्ख्या लाकडाची पट्टी. दुसरी इंजिनिअर्ड, म्हणजे वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली प्लायचे थर. तिसरी लॅमिनेट, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्शाच्या पाट्यावर लाकडाचा छापील फोटो आणि वर झिजेला टिकणारं आवरण. आम्ही विचारलं, "ही ए ग्रेड कुठल्या मानकाची?" उत्तर आलं, "कंपनीची." तिसऱ्या नमुन्याच्या खोक्यावर 'एसी ४' छापलं होतं. तो आकडा लॅमिनेटच्या झिजेचा असतो, लाकडाच्या प्रतीशी त्याचा संबंध नाही. विक्रेता खोटं बोलत होता असं आम्ही म्हणत नाही. पण ज्या अक्षरामागे लिहिलेला नियम नाही, ते अक्षर म्हणजे नुसती तारीफ.

प्रतीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे ओलावा. लाकूड कापलं, वाळवलं, रंगवलं तरी हवेशी त्याची देवाणघेवाण चालूच राहते. दमट हवेत ते पाणी घेतं आणि फुगतं, कोरड्या हवेत पाणी सोडतं आणि आक्रसतं. लांबीत हा फरक नगण्य, रुंदीत खरा. सागाच्या नेहमीच्या पद्धतीने चिरलेल्या फळीत ओलावा १ टक्क्याने बदलला की रुंदी सुमारे ०.१९ टक्के बदलते. आकडा किरकोळ वाटतो. पण पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा कोरडीठाक असते आणि जुलैत भिंतींना ओल येते. समजा या दोन ऋतूंमध्ये लाकडाचा ओलावा ४ टक्क्यांनी बदलला. तीन मीटर रुंद खोलीत सगळ्या पट्ट्यांची मिळून वाढ होते जवळजवळ २३ मिलिमीटर. भिंतीला चिकटवून बसवलेली फरशी हे दोन सेंटिमीटर कुठे नेणार? ती मधोमध उचलली जाते. उलट, ओलं लाकूड पावसाळ्यात घट्ट बसवलं तर उन्हाळ्यात दोन पट्ट्यांमध्ये नाणं शिरेल एवढी फट पडते.

म्हणूनच मानकांमध्ये ओलाव्याला मोठी जागा आहे. आपल्या देशात मानकं ठरवणारी संस्था १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था म्हणून सुरू झाली. १९८७ पासून तिचं काम भारतीय मानक ब्युरो पाहतं. प्रेशर कुकरवर आपण जी आयएसआयची खूण शोधतो, ती याच घरची. लाकडी जमिनीसाठीही तिची मानकं आहेत, हे फार थोड्यांना माहीत असतं. आयएस २८७ मध्ये देशाचे हवेच्या दमटपणाप्रमाणे चार विभाग केले आहेत आणि कुठल्या कामाच्या लाकडात किती ओलावा चालेल ते दिलं आहे. घरातल्या फरशीच्या पट्ट्यांसाठी तो विभागानुसार साधारण ८ ते १२ टक्के धरतात. लाकूड कसं वाळवायचं ते आयएस ११४१ मध्ये, कीड-बुरशीपासून कसं राखायचं ते आयएस ४०१ मध्ये, लाकडी जमीन कशी बांधायची ते आयएस ३६७० मध्ये आणि हार्डवुडचे पार्केट कसे बसवायचे ते आयएस ५३८९ मध्ये आहे. अमेरिकी ओकच्या फरशीचा ओलावा कारखान्यात ६ ते ९ टक्के ठेवतात, कारण तिकडची घरं थंडीत आतून तापवलेली आणि कोरडी असतात. तोच माल जुलै महिन्यात पुण्यात उतरवून दुसऱ्या दिवशी बसवला, तर प्रत कितीही वरची असली तरी ती उपयोगी पडत नाही. त्याला आधी खोलीत ठेवून इथल्या हवेची सवय लावावी लागते.

ओलावा मोजायला दोन टोकांचं छोटं यंत्र मिळतं. चाचांच्या ओळखीतल्या एकाने ते दोन दिवस वापरायला दिलं. पण यंत्र बरोबर आहे का, हे तपासायची जुनी आणि बिनचूक पद्धत आम्ही घरीच करून पाहिली. फळीचा लहान तुकडा कापला. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर वजन भरलं ५६ ग्रॅम. बाजीच्या घरी केक भाजायचा ओव्हन आहे. त्यात साधारण १०३ अंशांवर वजन आणखी कमी होईनासं होईपर्यंत तुकडा ठेवला. शेवटी भरला ५० ग्रॅम. गेलेलं पाणी ६ ग्रॅम, सुक्या लाकडाच्या १२ टक्के. यंत्रही तेवढंच दाखवत होतं. बाजीची मुलं दोन दिवस सगळ्यांना सांगत होती की अम्मीने लाकडाचा केक केला.

गळक्या कौलांखालच्या फळ्या मात्र १८-१९ टक्के दाखवत होत्या. त्या बाजूला काढल्या, सावलीत थर रचले, दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवल्या म्हणजे हवा खेळेल, आणि सहा आठवडे वाट पाहिली. ठेकेदार कुरकुरला. पण भिजलेलं धान्य ढिगाच्या तळाशी ठेवून वर कोरडं पसरणाऱ्या व्यापाऱ्याचा प्रसंग आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पैगंबर साहेबांनी (स.) ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली, आणि त्यांनी विचारलं की हे वर का नाही ठेवलंस, म्हणजे लोकांना दिसलं असतं. लाकडाचा ओलावाही असाच ढिगाच्या तळाशी असतो. विकणाऱ्याने तो वर आणून ठेवायचा असतो.

जुन्या लाकडाच्या बाबतीत दोन धोके आणखी आहेत. एक, मोडून आत राहिलेले खिळे. करवतीच्या पात्याला ते लागले तर पातं जातं आणि माणसाला इजा होते, म्हणून चुंबक फिरवल्याशिवाय फळी यंत्राला लावू नये. दुसरा, जुना तैलरंग. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं. रंग घासताना उडणारी धूळ लहान मुलांच्या श्वासात जाता कामा नये. आमच्या सात-आठ फळ्यांवर हिरव्या रंगाचे थर होते. ते काम घरात केलं नाही. तोंडाला चांगला मास्क लावून, उघड्यावर, मुलं शाळेत असताना केलं आणि भुसा गोळा करून वेगळा बांधला.

आता वाटणी. प्रतवारी झाल्यावर आम्ही तीन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना तीच यादी दाखवली : तुळया साग १२, ऐन २, फळ्या प्रतीप्रमाणे, घनफुटात माप, ओलाव्याचा आकडा आणि कीड कुठे आहे ते. यादी समोर असली की घासाघीस आपोआप कमी होते, हा अनुभव आला. तिघांनी प्रत्येक प्रतीचा वेगळा भाव सांगितला. तिन्ही मिळून सरासरी काढली आणि तीच किंमत घरच्या हिशेबाला धरली. ठेकेदाराच्या उक्त्या रकमेपेक्षा ती बरीच जास्त निघाली. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, चाळीस भागांचा हिशेब बाजीच्या वहीत, बाजीच्या हस्ताक्षरात होता. तिला तो कुणी समजावून सांगावा लागला नाही.

अम्मीने तेव्हा एक इच्छा सांगितली. ती कोंढव्याला धाकट्याच्या घरी राहते. तिथली फरशी गुळगुळीत आणि थंड, हिवाळ्यात तिचे गुडघे धरतात. म्हणाली, "माझ्या खोलीपुरत्या फळ्या मला द्या. माझ्या हिश्श्यात धरा." खोली दहा बाय अकरा फुटांची. एका फळीतून साडेतीन इंची दोन पट्ट्या निघतात, म्हणजे साडेतीन चौरस फूट. ११० चौरस फुटांना दहा टक्के कापाकापीचे मिळवून १२१. म्हणजे ३५ फळ्या पुरतात, एक जास्तीची धरून ३६. आम्ही म्हटलं, अम्मीसाठी पहिली प्रत. चाचांनी हात वर केला. "दुसरी घ्या. गाठ पक्की आहे, लाकूड गाभ्याचं आहे, ओलावा बारा आहे. पहिलीचे पैसे जास्त येतात, ते तिच्या औषधाला होतील." दिसण्यासाठी किती मोजायचं आणि टिकण्यासाठी किती, हा फरक प्रत समजल्याशिवाय कळत नाही. ३६ फळ्यांची किंमत अम्मीच्या आठव्या हिश्श्यापेक्षा थोडी वर गेली. वरचं आम्ही तिघांनी राजीखुशीने सोडलं, आणि तेही वहीत लिहून सही केली.

बसवण्याआधी जमिनीची परीक्षा घेतली. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी खालच्या बाजूला दव दिसलं नाही, म्हणजे खालून ओल येत नव्हती. सागात तेल असतं, म्हणून गोंद लावायच्या जागा आधी पुसून घेतल्या. चारही भिंतींलगत बारा मिलिमीटर मोकळी जागा सोडली आणि वर लाकडी पट्टी लावून झाकली. लाकडाला फुगायला जागा मिळाली आणि डोळ्याला फट दिसली नाही.

परदेशी फरशीच्या मानकांत एक तत्त्व आहे. ते प्रत्येक घरात माहीत असावं. प्रतवारीत माणसाची नजर कमी-जास्त होणार हे तिथे मान्य केलेलं असतं, म्हणून सुमारे ५ टक्के पट्ट्या प्रतीत न बसणाऱ्या निघाल्या तर चालतात. पण शेवटची तपासणी बसवणाऱ्याची आणि घरमालकाची. खटकणारी पट्टी बसवण्याआधी बाजूला काढायची. एकदा ठोकली, म्हणजे स्वीकारली. कारखान्याचा शिक्का, दुकानाची पावती, संस्थेची खूण, सगळं असलं तरी शेवटी खोकं उघडून पाहणारा डोळा आपलाच लागतो.

तेव्हा लाकडी फरशी घेणाऱ्यांनी किंवा जुनं लाकूड विकणाऱ्यांनी चार गोष्टी लेखी मागाव्यात आणि लेखी द्याव्यात : झाडाची जात, प्रत कुठल्या नियमाने ठरवली तो नियम, ओलाव्याचा आकडा आणि माप. लाकूड अख्खं आहे, थरांचं आहे की लॅमिनेट, हे बिलावर शब्दांत लिहून घ्यावं. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून सागाचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. त्यानंतर बाजारात आफ्रिकेतलं आणि दक्षिण अमेरिकेतलं लागवडीचं सागवान बरंच येतं. तेही सागवानच आहे. पण कमी वयाच्या झाडात पांढरा भाग जास्त असतो, आणि 'बर्मा' या एका शब्दावर दुप्पट भाव देण्याआधी आडवा छेद पाहून घ्यावा. गडचिरोलीतल्या आलापल्लीजवळ जुन्या सागाचं सहा हेक्टर जंगल राखून ठेवलं आहे. असं झाड एका पिढीत तयार होत नाही. मग जुन्या घरातून उतरलेली गाभ्याची फळी जळाऊ लाकडाच्या ढिगात जाणं हे नुकसान फक्त एका घराचं नाही.

घराच्या वाटणीत भावाबहिणींची मनं दुखावतात, ती बहुतेक वेळा लोभाने नाही, अंदाजाने दुखावतात. कुणीतरी उक्तं सांगतो, कुणीतरी उक्तं मानतो आणि कुणाच्या तरी मनात आयुष्यभर शंका राहते. दागिने असोत, भांडी असोत, शेत असो की लाकूड, आधी नियम लिहावा, सर्वांसमोर एकेक वस्तू त्या नियमाला लावावी, दोष असेल तो मोठ्याने सांगावा आणि वही अशा माणसाच्या हातात द्यावी ज्याचा वाटा सर्वांत लहान आहे.